सौरवात : सूर्याच्या किरीटाचा सांगावा

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर व मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. भातसा, काळू, शाई या नद्या सह्याद्रीच्या कड्यांतून उतरून याच मुलखातून वाहतात आणि त्यांचे पाणी अखेर उल्हास नदीस जाऊन मिळते. येथील शेतकऱ्याला नदीची भाषा समजते. गावात पावसाचा थेंब नसतानाही पाणी गढूळ होऊन चढू लागले, की घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पाण्याचा रंग, त्याचा वेग आणि त्यातून वाहून येणारी माती यांवरून न पाहिलेल्या ठिकाणची स्थिती तो अचूक ओळखतो.

सूर्याच्या बाबतीत शास्त्रज्ञ आज हेच करीत आहेत. सूर्यापासून विद्युत्‌भारित कणांचा एक प्रवाह अहोरात्र सर्व दिशांना वाहत असतो. त्यास सौरवात किंवा सौरवारा असे म्हणतात. पृथ्वीजवळ पोहोचलेल्या या वाऱ्याचा वेग, त्याची घनता आणि त्यातील कणांची घडण तपासली, म्हणजे १५ कोटी किलोमीटर अंतरावरील सूर्याच्या बाह्य वातावरणात काय चालले आहे, याचा उलगडा होतो. उपग्रह, वीजवाहिन्या व दळणवळणाची साधने यांच्याशी या वाऱ्याचा थेट संबंध येत असल्याने हा विषय केवळ वेधशाळांपुरता राहिलेला नाही. विशेष म्हणजे या ज्ञानाच्या उभारणीत महाराष्ट्रातील अनेक ठिकाणांचा वाटा आहे आणि त्यांपैकी एक तर शहापूर-मुरबाडच्या शेजारी, कल्याण येथेच आहे.

किरीट म्हणजे काय?

आपल्याला रोज दिसते ते सूर्याचे झगझगीत बिंब म्हणजे त्याचा दीप्तिगोल होय. त्याचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस असते. या गोलाभोवती अत्यंत विरळ वायूचे एक विशाल आवरण पसरलेले आहे. त्यास किरीट अथवा करोना ही संज्ञा आहे. किरीटाचा प्रकाश बिंबाच्या प्रकाशाच्या मानाने दहा लाखांश इतकाच असल्याने एरव्ही तो दिसत नाही. खग्रास सूर्यग्रहणात चंद्र बिंबास पूर्णपणे झाकतो, तेव्हा काही मिनिटांपुरता हा मोत्यासारखा शुभ्र मुकुट प्रकट होतो.

असा योग महाराष्ट्राच्या भूमीवर २२ जानेवारी १८९८ रोजी आला होता. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून सोलापूर व वऱ्हाडाकडे गेला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग येथे इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी तळ दिला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी किरीटाचा अभ्यास केला. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही उतरले होते. वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर आणि त्यांचे पती वॉल्टर माँडर हे ब्रिटिश खगोल निरीक्षक आले होते. ॲनी माँडर यांनी एका लहानशा कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात किरीटातून निघालेला एक अरुंद झोत सूर्यबिंबाच्या कित्येक पट अंतरापर्यंत गेलेला स्पष्ट दिसला. किरीट हे सूर्याला चिकटून बसलेले आवरण नसून त्याचे पदर अवकाशात दूरवर जातात, याची ती एक महत्त्वाची खूण होती. तिचा पुरता अर्थ लागण्यास मात्र पुढे साठ वर्षे जावी लागली.

हिरव्या रेषेचे कोडे

किरीटाच्या वर्णपटात ५३०३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती प्रथम १८६९ च्या ग्रहणात आढळली. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना, म्हणून शास्त्रज्ञांनी ‘करोनियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले. अखेर १९३९ ते १९४२ या काळात जर्मनीचे वॉल्टर ग्रोट्रिआन व स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी हे कोडे सोडवले. ही रेषा साध्या लोखंडाची निघाली. परंतु त्या लोखंडाच्या प्रत्येक अणूने आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ गमावलेले होते. अणूची इतकी मोडतोड होण्यास दहा-वीस लाख अंश तापमान लागते.

याचा अर्थ असा, की पाच-सहा हजार अंशांच्या पृष्ठभागावर दहा लाख अंशांचे वातावरण पसरलेले आहे. चुलीपासून दूर जावे तसतशी धग कमी व्हावी, हा नित्याचा अनुभव. येथे नेमके उलट घडते. सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रातून ही उष्णता वर पोहोचते, याविषयी आज एकमत आहे. ती नेमकी कशा प्रकारे पोहोचते, हा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही.

कल्याणच्या माळावरील बत्तीस तबकड्या

किरीटाचे तापमान जाणण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणे. या मार्गाने भारतात झालेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक ठाणे जिल्ह्यात झाले, ही गोष्ट फारशी परिचित नाही. डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून डॉ. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९६३ मध्ये अमेरिकेहून परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांच्या गटाने १९६५ मध्ये कल्याण येथे रेडिओ दुर्बीण उभारली. तिच्यात सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या होत्या. या तबकड्या ऑस्ट्रेलियातील सिडनीजवळ पूर्वी वापरात होत्या व तेथून त्या भारतास भेट मिळाल्या होत्या. त्यांपैकी २४ तबकड्या पूर्व-पश्चिम दिशेने ६३० मीटर लांबीत व ८ तबकड्या दक्षिणोत्तर दिशेने २५६ मीटर लांबीत मांडण्यात आल्या. एकेक तबकडी लहान असली, तरी सर्वांचे संकेत एकत्र केल्यावर मोठ्या दुर्बिणीचे काम होत असे.

ही दुर्बीण ६१० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर, म्हणजे सुमारे अर्धा मीटर तरंगलांबीवर सूर्य पाहत असे. या लहरींना सूर्याच्या खालच्या थरांतून थेट बाहेर पडता येत नाही. त्या मुख्यतः किरीटाच्या तळाच्या भागातून येतात. १९६५ ते १९६८ या काळात घेतलेल्या वेधांतून दोन गोष्टी दिसून आल्या. एक म्हणजे शांत सूर्याच्या किरीटाचे तापमान सुमारे दहा लाख अंश आहे. दुसरी म्हणजे या लहरींत सूर्याची कड मध्यभागापेक्षा अधिक तेजस्वी दिसते. कडेकडे पाहताना आपली दृष्टिरेषा उष्ण किरीटातून अधिक लांब अंतर जाते, म्हणून असे घडते. ग्रहणाची वाट न पाहता, भर दुपारी, किरीटाची स्थिती वाचण्याची ही विद्या अशा रीतीने या जिल्ह्यात रुजली.

याच गटाने पुढे १९७० मध्ये तामिळनाडूतील उटी येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण बांधली आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी केली. कल्याणहून निघून मुरबाडवरून माळशेज घाट चढला, की रस्ता जुन्नर तालुक्यात उतरतो व नारायणगावच्या परिसरात या पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. या वाटेच्या पायथ्याला १९६५ ची छोटी दुर्बीण होती आणि घाटापलीकडे आज जगातील अग्रगण्य दुर्बिणींपैकी एक आहे.

वारा का सुटतो?

किरीट इतका उष्ण असेल, तर तो सूर्याजवळ टिकून राहतो कसा? अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाचे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले : तो टिकून राहतच नाही. त्याआधी १९५१ मध्ये जर्मनीचे लुडविग बिअरमान यांनी धूमकेतूंच्या शेपट्यांचा अभ्यास करून सूर्याकडून सतत कणांचा मारा होत असावा, असे सुचविले होते. पार्कर यांनी गणिताने दाखवून दिले, की दहा लाख अंशांच्या वायूचा दाब दूर अंतरावरही इतका शिल्लक राहतो, की सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्यास धरून ठेवू शकत नाही. प्रारंभी संथ गतीने निघालेला हा वायू वर जाताना वेग घेत जातो आणि अखेर ध्वनीच्या वेगालाही मागे टाकून अवकाशात वाहू लागतो.

ही कल्पना त्या काळी अनेकांना पटली नाही. लेख तपासणाऱ्या दोघाही परीक्षकांनी तो छापू नये, असे मत दिले. त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही पार्कर यांचा निष्कर्ष मान्य नव्हता. परंतु परीक्षकांना गणितात चूक दाखवता आलेली नाही, हे पाहून त्यांनी लेख प्रसिद्ध केला. पुढे सोव्हिएत रशियाच्या ल्यूना यानांनी १९५९ मध्ये या प्रवाहाचा पहिला माग काढला आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या मरिनर-२ यानाने वाटेत अनेक आठवडे तो सलग मोजला. सौरवात आहे, आणि तो कधीही थांबत नाही, हे सिद्ध झाले.

सौरवात म्हणजे सूर्यावरून आलेली वेगळी कोणती वस्तू नव्हे. तो विस्तारत गेलेला किरीटच होय. पृथ्वी सूर्याच्या बाह्य वातावरणाच्या ओघातच फिरत आहे, असे म्हटले तरी चालेल. म्हणूनच या वाऱ्याच्या अंगावर किरीटाच्या खुणा उमटलेल्या असतात.

वाऱ्याच्या अंगावरील खुणा

पहिली खूण वेगाची. पृथ्वीजवळ सौरवाताची घनता दर घन सेंटिमीटरला पाच-दहा कण इतकीच असते. त्याचा वेग मात्र सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. या वेगाचे दोन प्रकार पडतात. किरीटातील काही भागांत चुंबकीय रेषा सूर्याकडे परत न वळता थेट अवकाशात गेलेल्या असतात. क्ष-किरणांत हे भाग काळे दिसतात, म्हणून त्यांस किरीट विवरे म्हणतात. येथून वायूला मोकळी वाट मिळते व सेकंदाला ७०० ते ८०० किलोमीटरचा वेगवान वारा सुटतो. याउलट जेथे चुंबकीय रेषा कमानीसारख्या वळून पुन्हा सूर्यावर टेकतात, तेथे वायू अडकून पडतो. अशा कमानींच्या टोकांवरून व कडांवरून सुटणारा वारा सेकंदाला ३०० ते ४०० किलोमीटर वेगाचा व अधिक दाट असतो. १९९० मध्ये सोडलेल्या युलिसिस यानाने १९९४-९५ मध्ये सूर्याच्या दोन्ही ध्रुवांच्या बाजूने जाऊन पाहिले, तेव्हा त्या शांत काळात ध्रुवांकडील विवरांतून वेगवान वारा व विषुववृत्तालगतच्या पट्ट्यातून संथ वारा, अशी स्वच्छ विभागणी दिसून आली.

दुसरी खूण तापमानाची, आणि ती सर्वांत मोलाची आहे. सौरवातात हायड्रोजन व हेलियम यांच्याबरोबर ऑक्सिजन, कार्बन, लोखंड आदींचे अणूही अल्प प्रमाणात असतात. ऑक्सिजनच्या अणूत आठ इलेक्ट्रॉन असतात. किरीटातील उष्णतेने त्यांपैकी सहा निघून जातात. उष्णता अधिक असेल, तर सातवाही निघून जातो. हा वायू सूर्यापासून दूर जाऊ लागला, की इतका विरळ होतो, की अणूंना पुन्हा इलेक्ट्रॉन भेटतच नाहीत. परिणामी किरीटात असताना अणूची जी अवस्था झाली, तीच पृथ्वीपर्यंत कायम राहते. टपालाच्या पाकिटावर ज्या गावचा शिक्का पडला, तो वाटेत कितीही गावे लागली तरी बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे. यानावरील उपकरणाने सात इलेक्ट्रॉन गमावलेले अणू किती व सहा गमावलेले किती, याचे प्रमाण काढले, की त्या वाऱ्याच्या उगमस्थानाचे तापमान कळते. या पडताळणीतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. वेगवान वारा किरीटाच्या तुलनेने थंड भागातून येतो, तर संथ वारा अधिक उष्ण भागातून येतो. अर्थात केवळ उष्णतेच्या बळावर वारा सुटतो, ही समजूत अपुरी ठरली. चुंबकीय क्षेत्रातील लहरी व उलथापालथ यांचाही त्यास जोर मिळतो.

तिसरी खूण घटकांच्या प्रमाणाची. संथ वाऱ्यात लोखंड, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांसारख्या सहज इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या मूलद्रव्यांचे प्रमाण दीप्तिगोलाच्या मानाने वाढलेले असते. किरीटातील कमानींमध्ये बराच काळ अडकून राहिलेल्या वायूतही हीच वाढ दिसते. वेगवान वाऱ्यात ती फारशी नसते. नदीतून वाहत आलेल्या मातीवरून ती कोणत्या डोंगराची हे ओळखावे, तसे वारा कोणत्या प्रदेशातून आला, हे यावरून ठरते.

चौथी खूण चुंबकीय दिशेची. सौरवात आपल्याबरोबर किरीटाचे चुंबकीय क्षेत्रही ओढून आणतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने या रेषांना शेतातील फिरत्या तुषारसिंचनाच्या धारेसारखा वळसा पडतो. पृथ्वीजवळ या क्षेत्राचा रोख कधी सूर्याकडे, तर कधी सूर्यापासून दूर असतो. किरीटाचा जो भाग आपल्यासमोर आलेला असतो, त्याची चुंबकीय बाजू यावरून समजते.

अलिबागची नोंद आणि सत्तावीस दिवसांचे चक्र

अवकाशयाने नव्हती, त्या काळातही सौरवाताचा परिणाम जमिनीवर टिपला जात होता. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सौर डागांजवळ एक प्रखर झळाळी दिसली. तेथून सुटलेला कणांचा लोट अवघ्या साडेसतरा तासांत पृथ्वीवर आदळला. २ सप्टेंबर रोजी कुलाबा येथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. त्या ऐतिहासिक वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ आजही मुंबईच्या या नोंदीचा आधार घेतात.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहामुळे नाजूक चुंबकसूच्या विचलित होणार, हे ध्यानात घेऊन वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या मोजमापांचा सांधा जुळविण्यात आला. या दूरदृष्टीमुळे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची सलग मालिका भारताजवळ आहे. नवी मुंबईतील नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था हे काम आज सांभाळीत आहे.

अशा नोंदी पाहताना एक नियम आढळला. तळणीच्या ग्रहणास आलेल्या वॉल्टर माँडर यांनीच १९०४ च्या सुमारास इंग्लंडमधील ग्रिनिच येथील नोंदींवरून दाखविले, की अनेक चुंबकी वादळे २७ दिवसांनी पुन्हा येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या एका फेरीस एवढेच दिवस लागतात. म्हणजे सूर्यावरील एखादा ठरावीक भाग दर फेरीला आपल्यावर झोत टाकीत असला पाहिजे. अनेकदा अशा वेळी सूर्यावर एकही डाग नसे. मग झोत येतो कोठून? १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब प्रयोगशाळेने क्ष-किरणांत सूर्याची चित्रे घेतली, तेव्हा उत्तर मिळाले : ते झोत किरीट विवरांतून येणाऱ्या वेगवान वाऱ्याचे होते.

उटीच्या दुर्बिणीने या अभ्यासाला आणखी एक साधन दिले. पृथ्वीच्या हवेमुळे तारे लुकलुकतात, त्याचप्रमाणे दूरच्या रेडिओ स्रोतांकडून येणाऱ्या लहरी सौरवातातून येताना थरथरतात. ही थरथर मोजून सूर्य व पृथ्वी यांच्या दरम्यान, जेथे एकही यान नाही अशा ठिकाणीही, वाऱ्याचा वेग व घनता काढता येते.

आदित्य-एल१ आणि आपण

या सर्व प्रयत्नांचा पुढचा टप्पा म्हणजे भारताचे आदित्य-एल१ हे यान. ते २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावर, सूर्याच्या दिशेस असलेल्या एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिर झाले. एकाच यानावर किरीट पाहणारी व सौरवात मोजणारी अशी दोन्ही प्रकारची उपकरणे आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य होय. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची दुर्बीण सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडविते व किरीट न्याहाळते. जेऊरच्या पिढीला चकविणारी ती हिरवी रेषा तिच्या अभ्यासाचा एक भाग आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केलेली दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याची चित्रे घेते. अहमदाबाद व तिरुवनंतपुरम येथील संस्थांची उपकरणे यानावरून वाहून जाणाऱ्या वाऱ्यातील कण मोजतात, तर चुंबकमापक त्या वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्राचा रोख सांगतो.

अमेरिकेचे पार्कर यान तर थेट उगमाकडे गेले आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्याने सूर्यापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटर अंतरावर किरीटात प्रथम प्रवेश केला आणि २४ डिसेंबर २०२४ रोजी ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटर इतके जवळ पोहोचले. त्याचा पहिला प्रवेश प्रत्यक्ष पाहण्याचे भाग्य पार्कर यांना लाभले. मार्च २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढ्या खटाटोपाचा शहापूर-मुरबाडच्या सामान्य नागरिकाशी संबंध काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. भातलावणीच्या दिवसांत ज्या पावसाच्या अंदाजाची वाट पाहिली जाते, तो बांधण्यास इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे लागतात. वाहनाचा मार्ग दाखविणारी यंत्रणा, दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण, विमानांचे दळणवळण हेही उपग्रहांवर विसंबून असते. सौरवाताचा जोर वाढला, की पृथ्वीचे चुंबकीय कवच दबते व उपग्रह उघडे पडतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका खाजगी कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह अशाच एका साधारण वादळात निकामी झाले. वादळामुळे वरचे वातावरण फुगले आणि वाढलेल्या घर्षणाने ते खाली ओढले गेले. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात वीजवाहिन्यांत अनाहूत प्रवाह शिरल्याने सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने येथे असा धोका उत्तरेकडील देशांपेक्षा पुष्कळच कमी आहे. तथापि शेजारच्या भिवंडी तालुक्यातील पडघे येथे दूरदूरून येणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या पाहिल्या, म्हणजे ही यंत्रणा किती विस्तारली आहे व तिची काळजी का घ्यावयाची, हे ध्यानात येते. १० व ११ मे २०२४ रोजी आलेले वादळ २००३ नंतरचे सर्वांत प्रबळ होते. त्या रात्री लडाखमधील हानले येथे आकाशात लालसर ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

येथे वेळेचा प्रश्न निर्णायक ठरतो. एल१ बिंदूपासून पृथ्वीपर्यंतचे अंतर सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाचा वारा सुमारे एका तासात कापतो. वेग ८०० किलोमीटर असेल, तर अर्धाच तास मिळतो. पाणी उंबरठ्याशी आल्यावर मिळालेली ही सूचना होय. तिचाही उपयोग आहेच, कारण वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, व म्हणून वादळ कितपत तीव्र होणार, हे खात्रीने तेथेच कळते. पण दोन-तीन दिवस आधी सावध व्हायचे, तर घाटमाथ्यावरील पाऊस पाहिला पाहिजे. किरीटात कोठे विवर पडले आहे, कोठे कमानी ताणल्या गेल्या आहेत, हे पाहून पुढे कसा वारा येईल ते सांगता आले पाहिजे. आलेल्या वाऱ्याच्या खुणांवरून किरीट ओळखण्याचा जो अभ्यास आज चालू आहे, त्याचे खरे मोल हेच आहे. प्रत्येक वेळी जुळलेला किंवा चुकलेला अंदाज पुढचा अंदाज अधिक पक्का करतो.

शाळांना करता येण्याजोगे

या विषयाची ओळख गावच्या शाळेतही करून देता येईल. पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत या भागात आकाश बहुधा निरभ्र असते. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी आणि त्यावरील डागांच्या जागा रोज ठरावीक वेळी पेन्सिलीने नोंदवाव्यात. डाग बिंबाच्या एका कडेकडून दुसरीकडे सुमारे १३ दिवसांत सरकताना दिसतो. तो टिकून राहिला, तर सुमारे २७ दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतो. माँडर यांना नोंदींत आढळलेले चक्र ते हेच. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे कधीही पाहू नये. त्याने कायमचे अंधत्व येऊ शकते.

कुलाब्याच्या नोंदवहीत १८५९ साली आकडे लिहिणाऱ्यांना सौरवात हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यांनी आपले काम नेमस्तपणे केले, म्हणून आज त्या आकड्यांचा उपयोग होत आहे. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या शाळेतील वहीत रोज उमटणारी डागांची नोंद याच परंपरेतील ठरेल.